रविवारची ओहोटी

तळवलीच्या मावशीनं मला मदत केली, हे आधी लिहितो. पुढचं लिहिताना हात कचरला, तर निदान एवढं तरी कागदावर राहावं. ती रक्ताची मावशी नव्हे. ती आगरी, नवरा वारलेला, खाडीत जाळं लावून पोट भरणारी. मी नगरकडचा ख्रिस्ती, सातवीतून शाळा सुटलेला, घरापासून लांब आलेला. तिनं मला चिखलातून ओढून काढलं, पडवीत राहायला जागा दिली, हिवतापात पेज पाजली आणि खाडीचं पाणी कधी चढतं, कधी उतरतं ते शिकवलं. या चार उपकारांतला शेवटचा मी दुसऱ्याच्या हाती दिला. त्याचीच ही हकीकत.

आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चच्या लोकांचे, एक पंच ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात सुपरवायझर होते. रंगाला लागणारी भुकटी तिथं व्हायची. ते आमच्याच तालुक्यातले. सुट्टीत गावी आले, देवळात माझी प्रार्थना ऐकली आणि माझ्या आईला म्हणाले, "याला मी नेतो. इथं राहून काय करणार?" मी तेव्हा तेवीस वर्षांचा. आईनं त्यांचे हात धरले. मीही त्यांचा मिंधा झालो, आणि खरं सांगायचं तर तो मिंधेपणा मला गोड लागत होता. कुणीतरी आपल्याला निवडलं, असं वाटायचं.

न्यू बॉम्बेत आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मी खाडी बघायला गेलो. ओहोटी होती. मला वाटलं, तळं आटलंय. आमच्याकडं उन्हाळ्यात पाझर तलाव आटला की आम्ही सरळ त्यातून पलीकडच्या वाडीला जातो. तसाच मी निघालो. वीस पावलांवर गुडघ्यापर्यंत रुतलो, आणखी दोन पावलं टाकली तर मांडीपर्यंत. पाय हलेना. तेवढ्यात लांबून पाण्याची एक चमकती कड माझ्याकडं सरकताना दिसली.

बांधावरून बाईचा आवाज आला, "ए! तितं काय पेरतोस रं?"

मी ओरडलो, "पाणी येतंय!"

"येनारच. त्येचं घर हाय तितं. तू कशाला ग्येलास?"

ती फळी टाकत टाकत आली, मला आडवं पडायला लावलं आणि काखेत हात घालून ओढलं. माझी एक चप्पल चिखलात राहिली. बांधावर मी चिखल निथळत बसलो, तर ती हसून हसून डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "दुस्काळातला मानूस, पानी दिसलं नाय तरी पलत सुटला!" पुढं वर्षभर सगळ्या गावात माझी ओळख हीच. 'तो मावशीनं धरलेला निवटा.' निवटा म्हणजे चिखलात उड्या मारणारा लहानसा मासा. मला कुणी नावानं हाक मारलीच नाही.

पंचांच्या खोलीत आम्ही सहा जण झोपत होतो. त्यांचा मेव्हणा आला तेव्हा जागा उरली नाही. मी मावशीकडं गेलो. तिनं पडवीतली जाळी एका कोपऱ्यात लोटली आणि म्हणाली, "झोप. मात्र उठताना बघून ऊठ, पायात जालं अडकंल."

ती पहाटे निघे तेव्हा कधी कधी मीही बरोबर जाई. तिचे नियम मला हळूहळू कळले. पोटाशी अंडी असलेली चिंबोरी, म्हणजे खेकडी, हातात आली की ती परत पाण्यात सोडायची. बांधालगत खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवराची ओली फांदी तोडायची नाही, वाळलेलीच आणायची. पोरं तोडायला लागली की ती दगड उचलायची. मी विचारलं, "मावशी, देवाचं आहे का ते झाड?"

"देवाचं कशाला? माशाचं हाय. त्येच्या बुडाशी पिल्लं वाढतात. तुज्या घरात कोन कुऱ्हाड घेऊन शिरला तं?"

मला एकदम आमच्या गावच्या पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, शिकवण आठवली. देवानं पहिल्या माणसाला बागेत ठेवलं ते बाग खाऊन टाकायला नव्हे, तिची मशागत करायला आणि ती राखायला. लहानपणापासून ऐकलेलं ते. पण राखणं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मी एका हिंदू बाईच्या हातातून सुटणाऱ्या चिंबोरीत पहिल्यांदा पाहिलं. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "तुजा देव शाना हाय. पन बाग दिली ती मानसाला, हितं चुकला."

आमची मंडळी दिघ्याला एका चाळीच्या शेवटच्या खोलीत जमत असे. बहुतेक घरं कारखान्यांत कामाला, त्यातली निम्मी आमच्याच कारखान्यात, पंचांनी लावून दिलेली. पाळक महिन्यातून एकदा येत, बाकीचे रविवार पंचच चालवत. एका रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायच्या वेळी, मी उभा राहिलो. मावशीची चिंबोरी, तिवर, राखण, सगळं सांगितलं. लोक हसले, पण प्रेमानं. पंचांना ते फार आवडलं. उपासनेनंतर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, तुझ्या तोंडून आज प्रभू बोलला. मला एक सुचतंय. या वर्षीचा बाप्तिस्मा आपण खाडीत करू. देवाच्या उघड्या पाण्यात. पण पाणी कधी भरतं ते त्या बाईकडून काढून दे."

मी त्याच संध्याकाळी मावशीला विचारलं. ती जाळं शिवत होती.

"तितीला पाऊनकी लाव," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"साळंत ग्येला व्हतास ना? दशमीला दहाची पाऊनकी किती?"

"साडेसात."

"मंग साडेसाताला पानी भरनार. येकादशीला सव्वाआठ. पुनवेला सव्वाअकरा. दर्यातनं चढत आपल्या खाडीत यायला अजून अर्धा तास धर. झालं. तुजा मास्तर वाया नाय ग्येला."

मला काय आनंद झाला! शाळा सुटली तेव्हा पाढे तेवढे पाठ राहिले होते. भुकटीच्या गोण्या शिवताना त्यांचा कुणाला काय उपयोग? इथं पाऊणकीचा, म्हणजे पाऊणपटीचा, पाढा म्हटला की समोर खाडी भरलेली दिसायची. दोन-तीन दिवस मी बांधावर उभा राहून पडताळा घेतला. बरोबर निघालं. माझी सवयच तशी, तीनदा बघितल्याशिवाय जिवाला चैन नाही.

पंचांना तारीख सांगितली, तर म्हणाले, "एकच कशाला? सगळ्या वर्षाचे रविवार लिहून दे की. बाप्तिस्मे काय एकदाच व्हायचेत? आणि भरल्यावर पाणी फिरतं कधी?"

तेही मी मावशीला विचारलं. "भरल्यावर जरा दम घेतं, मंग फिरतं. आमी तवाच जाली बघतो," ती म्हणाली. "उतरतं पानी मासा घेऊन येतं."

कॅलेंडर पुढ्यात ठेवून मी रविवारची तारीख, तिथी आणि वेळ असे रकाने आखले. चांगल्या अक्षरात, शाईच्या पेनानं. खाली लिहिलं, 'भरल्यावर थोडे थांबून फिरते.' जाळ्यांचं लिहायचं सुचलं नाही. बाप्तिस्म्याला जाळ्यांचं काय?

पुनवेच्या रविवारी दुपारी पावणेबाराला आमच्या चार माणसांचा बाप्तिस्मा झाला. पाळक ठाण्याहून आले होते. मावशी पदर खोचून कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, कुठं पाय टेकतो ते दाखवायला. "इकरं या, इकरं! तितं खड्डा हाय, देवाकडं लवकर जाल!" पाळकसुद्धा हसले. वर आल्यावर पंचांनी तिला हात जोडले. मला वाटलं, माझी दोन घरं आज एका पाण्यात उभी राहिली. ते समाधान खोटं नव्हतं. पंचांच्या मनात दुसरं काही तेव्हाच होतं की नंतर आलं, हे मला आजही ठाऊक नाही. ते ठाऊक असतं तर त्यांचा राग तरी नीट करता आला असता.

त्यानंतर काही महिन्यांनी हंगामाचा सण आला. या सणाला आम्ही ख्रिस्ती लोक पहिलं पीक देवळात आणतो. दिघ्यात कुणाची शेती? पण कुणी गावाकडून बाजरी मागवली होती, कुणी चाळीमागं लावलेला भोपळा आणला. माझ्याकडं काही नाही म्हणून मावशीनं सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पिशवी हातात दिली. "तुज्या देवाला सांग, उन्हात मी सुकवल्यान. वास येतो म्हनून नाक धरू नको म्हनावं."

त्या दिवशी द्वादशी होती. नवाची भरती, आमच्या खाडीत साडेनवाची. मला आता सवयच लागली होती, कुठंही असलो तरी डोक्यात पाणी चाललेलं असायचं. पंचांनी प्रार्थना सुरू केली तेव्हा मी मनात म्हटलं, आता पाणी दम घेतंय. ते डोळे मिटून जमिनीसाठी, पावसासाठी, समुद्रासाठी आणि त्यातल्या जीवांसाठी देवाचे आभार मानत होते. सोड्यांच्या पिशवीवर त्यांनी हात ठेवला. माझे डोळे भरून आले.

दुपारी तळवलीला पोचलो तर बांधावर सगळं गाव. पाण्याला तपकिरी रंग होता आणि घशाला झोंबणारा आंबट वास. तो वास मला ओळखीचा. रोज कपड्यांना येतो तो. जाळ्यांत बोय मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. चिंबोऱ्या बांध चढून वर येत होत्या, दिवसाउजेडी, माणसांच्या पायांतून, आणि वर येऊन मरत होत्या. मावशी कमरेइतक्या पाण्यात जाळं सोडवत होती. मी तिला बाहेर ओढलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत लालभडक झाले होते. तिच्या हातात पोटाशी अंडी असलेली एक चिंबोरी होती. कुठं सोडायची ते तिला कळत नव्हतं.

सोमवारी मला पंपाच्या खोलीत पट्टा आणायला पाठवलं. भिंतीवर, मोटारीच्या बटणाशेजारी, माझा कागद चिकटवलेला होता. माझं अक्षर, माझे रकाने. काही रविवारांपुढं तांबड्या पेन्सिलीनं खुणा होत्या. कालच्या द्वादशीपुढं दोन, बहुधा दुप्पट सोडलं म्हणून.

मी सरळ पंचांच्या टेबलापाशी गेलो. ते म्हणाले, "सलाम भाऊ. सोडे छान होते हं."

"पंपाच्या खोलीतला कागद माझा आहे."

"तुझाच. अक्षर बघ कसं मोत्यासारखं."

"तो बाप्तिस्म्याला दिला होता मी."

"पहिल्यांदा बाप्तिस्म्यालाच वापरला की." त्यांनी चहाचा कप पुढं सरकवला. "अरे, टाकीतलं आंबट पाणी कुठं तरी सोडायचंच आहे. चुना घालून मारायचं म्हटलं तर गोण्याच्या गोण्या लागतात, मालक देत नाही. म्हणून मीच म्हटलं, रविवारी सोडा, आणि ओहोटी लागताना सोडा. गावाच्या अंगाला घाण राहायला नको. पाणी निघालं की गेलं समुद्रात."

"ओहोटीलाच त्यांची जाळी असतात. आणि ते जात नाही साहेब. सहा तासांनी तेच पाणी परत येतं."

"परत येतं?" त्यांनी विचारलं.

खरंच त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या ओढ्याला गेलेलं पाणी परत येत नाही. आम्ही दोघं एकाच मातीतले, तीच चूक मी मांडीपर्यंत रुतून केली होती. त्या क्षणी मला त्यांची कीव आली. वाटलं, आता समजलं त्यांना, आता थांबेल.

"बघतो," ते म्हणाले. "चुन्याचं बोलतो मालकाशी. तुला शब्द देतो. तू प्रार्थना कर. आणि हे बघ, बाहेर कुठं बोलू नकोस. आपल्या मंडळीची किती घरं इथं आहेत, तुला माहीत आहे."

मी कागद काढून घेतला नाही. हे मला लिहिलंच पाहिजे. शब्द मिळाला होता, म्हणून कागद भिंतीवर राहू दिला.

त्या दिवशी संध्याकाळी मावशी हातांना खोबरेल लावत ओट्यावर बसली होती. शेजारी तिच्या दिराचा मुलगा जाळं तपासत होता. तिची मोठी जाळी तोच शिवून द्यायचा. तोही आमच्याच कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली गोण्या उचलायला जायचा. मावशी म्हणाली, "ज्यानं सोडलं त्येला पानी ठाव हाय. बराबर फिरायच्या येलेला सोडलंन. ह्ये देशावरच्या मानसाचं काम नाय. त्यांना भरती कलत नाय नि ओहोटी कलत नाय. आमच्यातलाच कोन तरी फुटला." मग माझ्याकडं वळून, "तुला काय कललं का रं तितं?"

मी म्हटलं, "नाही मावशी."

दोनच शब्द. माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच होतं की पंचांनी शब्द दिलाय, प्रकरण मिटणार आहे, मग उगाच पडवी कशाला घालवू? तिनं मला घराबाहेर काढलं तर मी कुठं जाऊ, ही भीती खरी आणि ती तिच्या लाल हातांपेक्षा मोठी ठरली.

मावशीची नजर माझ्यावरून सरकून पुतण्यावर गेली. तो म्हणाला, "माज्याकडं काय बघतेस काकी?"

"तू जातोस ना त्या सायबांच्या चहाला."

"काकी, देवाशपथ!"

"शपथ नको घालू. ठेव ते जालं. आजपासनं माज्या जाल्याला हात लावायचा नाय."

त्यानं सुई खाली ठेवली आणि तो गेला. मी तिथंच बसलो होतो, तिच्या हाताचा चहा पीत.

तीन रविवारांनी पुन्हा पाणी आंबट झालं. पुढच्या रविवारी मी साक्षीला उभा राहिलो. म्हटलं, "ज्या पाण्यात आपण चौघांचा बाप्तिस्मा केला, त्यात आपले पंच विष सोडतात. उपासना चाललेली असताना सोडतात. आणि वेळ मी लिहून दिली आहे." कुणी मान वर केली नाही. बाप्तिस्मा घेतलेले चौघं समोरच होते; एक जण हातातल्या पुस्तकाची पानं उलटत राहिला. मागून एका म्हातारीनं माझा शर्ट ओढला, "बस रे लेकरा, बस. माझे दोन पोरगे हायेत तिथं." पाळक त्या दिवशी आले होते. ते म्हणाले, "हा कारखान्याचा विषय आहे. देवाच्या घरात आपण शांती राखू."

राखू! शब्द तोच होता.

मग पंच उठले. मला वाटलं चिडतील. ते माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली, "दयाळू पित्या, आमच्या या भावाचं मन अशांत आहे. तो घरापासून लांब आहे. त्याला धीर दे." सगळे "आमेन" म्हणाले. आईसमोर मला निवडणारा तोच हात होता, तेवढाच जड, तेवढाच गरम. मला कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. माझ्यासाठी प्रार्थना करून त्यांनी मला खोटं पाडलं, आणि तेही मी ज्या देवाला सांगायला उभा होतो त्याच्याच नावानं.

आठवड्याभरात माझं काम सुटलं. मी दिघ्यातच एका दुसऱ्या शेडमध्ये लागलो, राहायलाही तिकडंच गेलो. निघताना मावशीनं सुकट बांधून दिली. म्हणाली, "तू बोललास म्हनं देवलात आमच्यासाटी. ऐकलं मी. आमचं रगत फुटलं, आनि तू परका उभा ऱ्हायलास." तिच्यापर्यंत अर्धीच गोष्ट पोचली होती. मी पाणी वाचवायला उभा राहिलो एवढीच. वेळ कुणी लिहून दिली ते नाही. दुरुस्त करायला तोंड उघडलं, आणि "येतो मावशी" म्हणालो.

याला सहा-सात वर्षं झाली. मी दुसऱ्या मंडळीत जातो. देवावरचा विश्वास गेला नाही, पण पाण्यासाठी आभार मानायची वेळ आली की मी डोळे मिटत नाही. पंचांनी माझा विश्वासघात केला, मंडळीनं केला, हे मी कितीतरी जणांना सांगितलंय आणि सगळ्यांनी मला सहानुभूती दाखवली. मावशीचा कुणी केला, हे आज पहिल्यांदा लिहितोय. तळवलीचा एक जण बाजारात भेटतो, तो सांगतो की तिची नजर अधू झालीये, जाळ्याचं भोक सापडत नाही. पुतण्या समोरच्याच घरात राहतो. त्याच्या लग्नाला ती गेली नाही. त्याची मुलगी अंगणात रांगत आली तरी ही आत वळते.

मावशी, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवावं अशी माझी इच्छा नाही. मी येईन. दिवसा येईन, तुमच्या पुतण्याला हाक मारून ओट्यावर बोलावीन, आणि त्याच्यादेखत सांगेन की तिथीची पाऊणकी कारखान्याला मी दिली, त्यानं नाही. तुमच्या उपकारांची दुसरी कुठलीही फेड माझ्याकडं नाही. मग तुम्ही मला बांधापर्यंत हाकलत नेलंत तरी चालेल. पण जाळं पुन्हा त्याच्या हातात दिलेलं बघितल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.